पिन टक् होईपर्यंत

भाद्रपद जवळ आला की इंदूरच्या स्नेहलतागंजातल्या आमच्या रस्त्याच्या कडेला बांबू येऊन पडतात. मंडपवाला ते टाकून जातो आणि दोन दिवस फिरकत नाही. लोक अडखळतात, कुरकुरतात, ओलांडून जातात. मला मात्र ते बांबू दिसले की बरं वाटतं. मी कपाटाच्या वरच्या खणातून बिस्किटांचा चौकोनी डबा काढते, त्यातला जुना टेपरेकॉर्डर बाहेर घेते, सेल घालते आणि चालतो का ते बघते. माझ्या वहीत हे काम 'गणपतीआधी' या मथळ्याखाली येतं. पाण्याची टाकी धुणे आणि गॅसची नळी तपासणे यांच्या मध्ये.

यंदा ऑफिसातल्या बैठकांसाठी एक नवा रेकॉर्डर घेतला. बोटाएवढा. कॅसेट नाही, चाक नाही, आत काही फिरत नाही. त्याला बाहेरचा माइक जोडायचा होता. दुकानातच मी त्याचं रबरी कव्हर सोलून काढलं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, कवर तो रेने दो. गिरेगा तो बचेगा."

"भिया," मी म्हटलं, "गिरेगा तो गिरेगा. पिन पूरी अंदर जानी चाहिए."

याद्या करणाऱ्या बाईकडे लोक ज्या नजरेनं पाहतात, त्या नजरेनं त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला सवय आहे. पण ही गोष्ट मी कुठल्या यादीतून शिकले नाही. ती मला एका भाद्रपदानं शिकवली.

त्या भाद्रपदाची हवा अजून माझ्या नाकात आहे. पाऊस ओसरलेला, ऊन अंगाला चिकटणारं, घरोघर भुट्ट्याचा कीस परतल्याचा वास. देश आता खुला होतो आहे असं रोज वर्तमानपत्रात येत होतं. सियागंजात परदेशी घड्याळं, कॅल्क्युलेटर, रेडिओ दुकानाबाहेरच्या फळ्यांवर उघडे मांडलेले दिसायला लागले होते. आमच्या कापडमिलचं फाटक त्याच वर्षी बंद झालं. आम्ही मिलजवळच्या कामगारांच्या लाइनीत राहायचो. तिथे घड्याळं भिंतीवर असायची, पण दिवस चालायचा भोंग्यावर. भोंगा थांबल्यावर पहिले कित्येक दिवस आईचं दूध उतू जायचं. गॅस कधी बारीक करायचा हे तिला सकाळचा भोंगा सांगत आला होता.

बाबा विणाई खात्यात जॉबर होते. सगळे त्यांना दत्तूभाऊ म्हणायचे. मागांच्या रांगांमधून फिरायचं, कुठला माग रुसलाय ते ओळखायचं आणि त्याला पुन्हा चालता करायचं, हे त्यांचं काम. शेकडो माग एकदम चालत असताना तिथे माणसाचा आवाज माणसाला ऐकू येत नसे. त्यामुळे विणाई खात्याची एक वेगळीच बोली होती, हातांची आणि ओठांची. दोन बोटं कात्रीसारखी मिटली की धागा तुटला. मनगट फिरवलं की जॉबरला बोलव. आणि तळहात समोर धरून दोनदा हलकेच खालीवर केला, तर त्याचा अर्थ: चालू आहे, ठीक आहे, काळजी नको.

ही बोली बाबांबरोबर घरी यायची. जेवताना ते पोळी मागायचे हातानं. मी परीक्षेला निघाले की दारातून तळहात दोनदा खालीवर करायचे. आई चिडायची. "तोंड आहे ना देवानं दिलेलं? मी काय लूम आहे तुमचा?"

मिल बंद झाली आणि बाबांचे हात बंद झाले. ते तोंडानं बोलायला लागले. मोजकं, आणि जरा जास्तच मोठ्यानं. आईला हवं ते मिळालं होतं. ती त्या दिवसांत एकदाही चिडली नाही.

इंदूरला अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या निघतात. देखाव्यांच्या गाड्या, दिव्यांनी मढलेल्या, मिलमधल्या माणसांनी स्वतः बांधलेल्या. बंद मिलची झांकी कोण काढणार, असं सगळे म्हणत असताना आमच्या लोकांनी ती काढायचं ठरवलं. बैठक आमच्याच ओट्यावर झाली. देखावा ठरला: लाकडाचा पूर्ण आकाराचा माग, त्यावर बसून गणपती कापड विणतो आहे. माग हलणार होता, फणी पुढेमागे होणार होती, पण लाकूड आणि दोऱ्यांवर, आवाजाशिवाय.

समितीचे सेक्रेटरी बंसीलालजी म्हणाले, "लूम गूँगा चलेगा तो क्या हुआ? ऊपर से फिल्मी गाना लगा देंगे. पब्लिक खुश."

"लूम आपला," बाबा म्हणाले, "तर आवाज पण आपलाच."

"आवाज कहाँ से लाओगे, दत्तूभाऊ? फाटक पे ताला है."

"मी आणतो." मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हिच्याकडे मशीन आहे."

मशीन म्हणजे माझा टेपरेकॉर्डर. मी तेव्हा शॉर्टहँडच्या परीक्षेला बसत होते आणि डिक्टेशनच्या सरावासाठी तो घेतला होता. वहीच्या आकाराचा, खांद्याला अडकवायचा, चामडी कव्हरातला. कव्हराला बटणांपाशी खिडक्या होत्या आणि पिना घालायला गोल भोकं. मी तो कव्हराबाहेर कधी काढत नसे. वस्तू जपून वापरायची मला तेव्हाही सवय होती.

बंसीलालजी उठताना म्हणाले, "चतुर्दशी के दो दिन पहले तक नी आई आवाज, तो गाना. मंजूर?"

"मंजूर," बाबा म्हणाले. शब्द दिला होता. मिल गेल्यावर बाबांकडे देण्यासारखं तेवढंच उरलं होतं, आणि हे ओट्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

माग होता देपालपूरला. बाबांच्या हाताखाली विणकाम केलेले रामप्रसादजी काही वर्षांपूर्वी गावी परतले होते. मिलनं जुने माग भंगारात काढले, तेव्हा त्यांनी त्यातला एक उचलून आपल्या शेडमध्ये बसवला होता आणि त्यावर जाडंभरडं कापड काढत होते. आम्ही बसनं गेलो. दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं. बसमधल्या खिडकीच्या काचा इतक्या खडखडत होत्या की बाबा मला म्हणाले, "हे पण घे टेप करून, विणाई खातंच आहे." मिल बंद झाल्यापासून त्यांनी केलेला तो पहिला विनोद. मी तो वहीत लिहून ठेवला होता. आहे अजून.

पहिल्या खेपेला मी रेकॉर्डर स्टुलावर ठेवला, लाल बटण दाबलं, माग चालला, आम्ही परत आलो. घरी ऐकलं तर एक जाड घरघर आणि तिच्यामागे कुठेतरी लांब कुणी पत्रा बडवतंय. ती कॅसेट घेऊन मी सलीमभियांकडे गेले. लग्नाचे, सभांचे, झांक्यांचे लाउडस्पीकर त्यांचेच. त्यांनी अर्धा मिनिट ऐकलं आणि हसले.

"बेन, ये मशीन अपने पेट की आवाज सुन रिया हे."

"म्हणजे?"

"अंदर मोटर घूम री हे, बाजू में ही इसका माइक हे. पेले पेट सुनेगा, फिर लूम. इसको बाहर का कान लगाओ."

त्यांनी एक माइक काढला, मुठीएवढा, जड, भलीमोठी पिन असलेला. तिला लहान पिनेचा तुकडा जोडला. त्यांना नीट बघता यावा म्हणून मी रेकॉर्डर कव्हरातून काढून काउंटरवर ठेवला होता, त्याच्या बाजूला दोन भोकं होती, एक ऐकायचं, एक माइकचं. सलीमभियांनी माइकच्या भोकात पिन घातली. "ये गया, तो अंदर का कान बंद. अब ये सिर्फ बाहर वाले से सुनेगा. तार लंबा रखो, मशीन दूर, माइक पास." मी 'एक दोन तीन' म्हटलं. परत ऐकलं तर माझा आवाज असा स्वच्छ आला की मीच दचकले. पोटाची घरघर गेली होती. मी तिथेच वहीत लिहिलं: माइक जोडणे — जमलं. आणि रेकॉर्डर परत कव्हरात घातला, बटणं लावली, घरी आले.

दुसऱ्या खेपेची यादी माझ्याकडे अजून आहे. सेल नवे. कॅसेट दोन. माइक. लहान पिन. रुमाल, माइकखाली घालायला. इअरफोन. आईचा डबा. सगळ्यांपुढे खुणा. रामप्रसादजींच्या शेडमध्ये मी कव्हराच्या भोकातून पिन घातली, माइक रुमालाच्या घडीवर ठेवला, रेकॉर्डर तार पुरेल तेवढा दूर नेला. माग चालू झाला. लाकडी दांडा धपकन आपटायचा, आडव्या सुताचा धोटा सप्पकन पलीकडे, फणी खट्. धप, सप, खट्. पायाखालची जमीन मोजून थरथरायची. कॅसेटची बाजू संपत आली आणि लाइट गेली. रामप्रसादजी म्हणाले, "देख लो दत्तूभाऊ, बिजली भी मिल की ही निकली. काम पूरा, छुट्टी."

मी कॅसेट मागे घेतली आणि इअरफोन कानात घालणार, तेवढ्यात बाबांनी हात पुढे केला. त्यांनी इअरफोन घातला, डोळे मिटले. त्यांची बोटं गुडघ्यावर ठेका धरायला लागली. धप, सप, खट्. शेडमध्ये पूर्ण शांतता होती, बाहेर एक कोंबडी. मिनिटभरानं त्यांनी डोळे उघडले.

"एकदम बरोबर," ते म्हणाले. "खट् थोडा जास्त आहे. पण तो लूमचाच आहे, मशीनचा नाही."

मी खूण केली. स्वतः न तपासता.

संध्याकाळी सलीमभियांच्या दुकानात स्पीकरच्या मोठ्या पेट्यांवर कॅसेट लावली. बंसीलालजीही आले होते. पेट्यांमधून वाळू घरंगळल्यासारखी बारीक खरखर आली आणि येतच राहिली. सलीमभियांनी आवाज वाढवला. खरखर वाढली.

"दत्तूभाऊ," बंसीलालजी हळू म्हणाले, "इसमें तो कुछ नी हे."

"वाजतोय की," बाबा म्हणाले.

 बाबांनी आमचे चेहरे एकेक करून पाहिले. चेहरे वाचण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आयुष्यभर त्यांनी तेच केलं होतं. मग त्यांना कळलं, आणि मलाही. मिलमधले माग थांबले होते. बाबांच्या कानातले थांबले नव्हते. दिवसरात्र ते चालूच होते, आणि कोऱ्या टेपवरही त्यांनी तेच ऐकले होते, एक खट् जास्त असलेला माग.

ते घरी आले. आईनं कीस वाढला तो तसाच राहिला. मला म्हणाले, "आता तू एकटी जा. मला नेऊ नकोस. माझा कान गेलाय."

मला रडू आलं असतं, पण मला रडायच्या आधी यादी करायची सवय आहे. मी वहीचं पान उभं दुमडलं. एका बाजूला लिहिलं: सलीमभियांचं दुकान, जमलं. दुसऱ्या बाजूला: देपालपूर, फसलं. माइक तोच. पिन तीच. सेल दोन्हीकडे चांगले. भोक तेच. एकेक ओळ खोडत गेले आणि शेवटी एकच फरक उरला. दुकानात रेकॉर्डर उघडा होता. शेडमध्ये कव्हरात.

मी कव्हर काढून पिन घातली. आत कुठेतरी टक् झालं, बोटांना कळलं. मग कव्हर चढवून घातली. पिन गेली, घट्टही बसली, पण टक् झालं नाही. चामड्याच्या जाडीनं तिला तांदळाच्या दाण्याएवढं बाहेर रोखून धरलं होतं. तेवढं आत जाणं आतला कान बंद करायला पुरेसं होतं आणि बाहेरचा कान उघडायला अपुरं. माझ्या जपणुकीनंच तो बहिरा केला होता.

मी पळत बाबांकडे गेले आणि दाखवलं. "चूक माझी होती. माझ्या कव्हराची."

"माझी पण होती," ते म्हणाले.

"असू दे. मला आवाज कळतो, पण माग कळत नाही. माइक कुठे धरायचा ते मी कुणाला विचारू? रामप्रसादजींना? ते म्हणतील, जॉबर कुठे आहे?"

 मग आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, "डबा एकाचा करू की दोघांचा?" आणि त्यांनी सांगितलं, "दोघांचा."

तिसरी खेप म्हणजे शेवटची. बंसीलालजींची मुदत त्या संध्याकाळी संपत होती. शिवाय रामप्रसादजींना सूत मिळेनासं झालं होतं, त्यांनी माग मोडीत द्यायचं ठरवलं होतं, आणि आम्ही पोचलो तेव्हा भंगारवाल्याचा टेम्पो शेडच्या दाराशी उभाच होता. लाइट नव्हती. आम्ही वाट पाहिली. टेम्पोवाला घड्याळ बघत होता. आईच्या डब्यातला कीस आम्ही त्याला दिला. तो म्हणाला, "खा के निकलूँगा, फिर मत रोकना." माणूस कीस किती सावकाश खाऊ शकतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. बोटं चाटून झाली तरी तो उठला नाही.

दुपार कलताना शेडमधला बल्ब पेटला. बाबा मागापाशी गेले आणि त्यांनी त्याच्या अंगावर तळहात ठेवला, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा. माग चालू झाल्यावर हात इकडून तिकडे सरकवत गेले. मग धोटा जिथे मार खाऊन परततो त्याच्या जरा अलीकडे जमिनीवर बोटानं जागा दाखवली. मी तिथे रुमालाची घडी ठेवली, घडीवर माइक. कव्हर घरीच ठेवून आले होते. पिन घातली. टक्.

कॅसेटची एक बाजू भरली. मी कॅसेट मागे घेतली आणि या वेळी इअरफोन माझ्या कानात घातला. धप. सप. खट्. तिन्ही वेगळे, तिन्ही जागच्या जागी, खाली जमिनीची थरथर, आणि अगदी शेवटी, माग थांबल्यावर, टेम्पोवाल्याची ढेकर. बाबा माझ्या ओठांकडे बघत उभे होते.

"आला," मी म्हटलं.

त्यांनी इअरफोन मागितला नाही.

सलीमभियांच्या दुकानात पेट्यांमधून तो माग निघाला, तेव्हा शेजारचा पानवाला बघायला आला. बंसीलालजी दोन मिनिटं ऐकत राहिले आणि म्हणाले, "गाना कैंसल." पण बाबा समाधानी नव्हते. "हा एक लूम झाला. खातं कुठे आहे?" मग सलीमभियांनी दोन डेक जोडले आणि मागावर माग चढवायला सुरुवात केली, दुसरा, तिसरा, चौथा. बाबांनी पेटीच्या लाकडावर तळहात ठेवला होता.

"तिसरा लंगडतोय," ते म्हणाले. "थोडा मागे घे."

सलीमभियांनी घेतला. मग पुन्हा ऐकलं आणि हात जोडले. "दत्तूभाई, ये कान का काम तुम हाथ से कर रिये हो."

"तिकडे पण हातानंच करायचो," बाबा म्हणाले. "त्या गोंगाटात कानाला काय कळतं?"

चतुर्दशीला ऊन अजून उतरलं नव्हतं तेव्हा झांकी मिलच्या बंद फाटकासमोर उभी राहिली. लाकडी माग, त्यावर गणपती, हातात धोटा. मिलची सगळी माणसं जमली होती, धुतलेल्या कपड्यांत, एकमेकांशी मोठमोठ्यानं बोलत. ती माणसं कायम मोठ्यानंच बोलायची. सलीमभियांनी बटण दाबलं.

आधी एक माग चालला. मग दुसरा त्यात मिसळला, मग तिसरा, चौथा, आणि आठ पेट्यांतून सगळं विणाई खातं त्या फाटकाबाहेर उभं राहिलं. छातीत धपधपायला लागलं. फाटकाचे पत्रे थरथरले. बोलणारी माणसं थबकली. कुणाचं कुणाला ऐकू येईना. आणि मग, कुणी न सांगता, हात वर आले. समोरच्या रांगेतल्या एकानं पलीकडच्याला मनगट फिरवून दाखवलं. त्यानं दोन बोटं मिटून उत्तर दिलं आणि हसला. बंसीलालजी कुणाला तरी हातांनी शिवी देत होते, मायेची. बघता बघता दोनशे-तीनशे हात हवेत होते आणि सगळे एकदम बोलत होते. आई माझ्या दंडाला धरून उभी होती. ती कधी खात्याच्या आत गेली नव्हती. माझ्या कानाला तोंड लावून ती ओरडली, "असे बोलायचे हे? दिवसभर?"

मी मान हलवली. तिनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती.

बाबा गाडीच्या पलीकडच्या बाजूला होते, एक हात पेटीवर. त्यांनी गर्दीतून मला शोधलं. मग दुसरा हात वर केला, तळहात समोर, आणि दोनदा हलकेच खालीवर केला.

वही त्या दिवशीही माझ्या पिशवीत होती. त्या पानावरची शेवटची ओळ आहे, 'झांकीला आवाज', आणि तिच्यापुढे आजतागायत खूण नाही. हात मोकळा नव्हता. मी त्यांना उत्तर देत होते.